बिनहत्याराचा ग्लॅडिएटर

गेल्या उन्हाळ्यात माझा मुलगा पुण्याहून महिनाभर घरी राहायला आला. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. वैशाखात सोलापूरला आपण होऊन कुणी येत नाही, म्हणून मला बरं वाटलं. आईची आठवण झाली असेल, असं मी धरून चालले. पहिल्याच रविवारी दुपारी खरं कारण दारात येऊन उभं राहिलं. त्याच्या शाळेपासूनचे दोघं जण, एक मैत्रीण आणि एक मित्र. मैत्रीण विणकरांच्या घरातली, आता एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. घरी तेलुगू बोलते आणि आमच्याकडं आली की अस्सल सोलापुरी मराठी. मित्राच्या घरचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्या बोलण्यात दखनी कधी संपते आणि मराठी कधी सुरू होते, ते त्यालाही कळत नसावं.

तिघं मिळून एक खेळ खेळायचे. मला वाटलं मोबाईलवरचा असेल, पण तसं नव्हतं. टेबलावर एक जाड इंग्रजी पुस्तक, कोरे कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे, एवढाच पसारा. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन बोलायचं, लढायचं. घाव बसला की चुकला, ते फासे ठरवणार. त्यांची गोष्ट रोमच्या बादशहांच्या काळातली होती. कैदी, गुलाम, कर्जात बुडालेली माणसं आखाड्यात उतरवली जायची, गोल बसलेले हजारो लोक ती झुंज बघायचे. या लढणाऱ्यांना ग्लॅडिएटर म्हणतात, हे मी शाळेत मराठी शिकवत असले तरी मला माहीत होतं. त्यांच्या खेळात प्रत्येकाचा एकेक ग्लॅडिएटर होता आणि गोष्ट सांगायचं काम माझ्या मुलाचं होतं.

अडचण अशी की चौथा गडी हैदराबादला नोकरीला गेला होता आणि तिसऱ्या लढणाऱ्याशिवाय पुढची लढाई लागत नव्हती. मी बाजूला बसून शेंगा फोडत होते. कूलरच्या आवाजात त्यांचं बोलणं निम्मंच ऐकू येत होतं.

"काकू, तुम्ही बसा की," मैत्रीण म्हणाली.

"मला काय येतंय त्यातलं?"

"काय यायला पाहिजे? माणूस बनवायचा फक्त," मुलगा म्हणाला. "बाकी मी सांगतो. बस ना आई, एकच रविवार."

मी हात झटकले आणि टेबलाशी जाऊन बसले. घरात एवढी माणसं बऱ्याच दिवसांनी होती. हे आतल्या खोलीत झोपले होते. मला 'नाही' म्हणवलं नाही, एवढंच.

मुलानं माझ्यापुढं कोरा कागद सरकवला आणि पुस्तकातले प्रश्न मराठीत करून विचारायला लागला. "पहिल्यांदा अंगकाठी. कसा दिसतो तुझा ग्लॅडिएटर?"

मी विचार केला नाही. खरंच केला नाही. "उंच आहे," मी म्हणाले. "रंगानं काळा. मान आणि खांदा यात फरक कळत नाही, इतकी मान भरलेली. कान मोडलेले. उजव्या भुवईत एक चीर आहे, तिथं केस येत नाहीत."

"एकदम कड़क!" मित्र म्हणाला. "काकू, ऐसाच बोलो."

"हत्यार?" मुलानं चित्रं दाखवली. आखूड तलवार, वाकडी तलवार, भाला, त्रिशूळ आणि जाळं, गोल ढाल, चौकोनी ढाल.

"हत्यार नको."

"आई, सगळ्यांना हत्यार असतं. मरेल तो."

"नको म्हणाले ना. त्याला हत्यार शोभत नाही."

मैत्रिणीनं पुस्तक ओढून घेतलं आणि पानं चाळली. "आहे नियम," ती म्हणाली. "हत्याराशिवाय उतरता येतं. मार कमी बसतो समोरच्याला, पण एकदा पकडीत घेतलं की त्याला सुटायला लई अवघड."

"तेच," मी म्हणाले. "तेच पाहिजे."

मग गुण वाटायचे होते. ताकद, चपळाई, दम, डोकं आणि लोकांची मर्जी. एकीकडं जास्त दिलं की दुसरीकडं कमी पडायचं. मित्र म्हणाला ताकदीवर टाका, मुलगा म्हणाला चपळाईवर. मी दमावर सगळ्यात जास्त टाकले. लहानपणी अंगणात तो जोर-बैठका काढायचा तेव्हा मी मोजायला बसायचे आणि मोजता मोजता मलाच झोप लागायची, तो मात्र थांबायचा नाही. अर्थात हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त दमाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"लोकांच्या मर्जीवर काहीच नाही टाकलंस," मुलगा म्हणाला.

"त्याला लोकांकडं बघायची सवय नाही."

शेवटी एक प्रश्न उरला. प्रत्येक ग्लॅडिएटरला एक उणीव द्यावी लागते. कुणाला दारू, कुणाला राग, कुणाला एका डोळ्यानं कमी दिसतं. मैत्रिणीच्या ग्लॅडिएटरला रक्त बघवत नव्हतं, त्यावरून ती तिघं खूप हसायची. मला विचारलं तेव्हा मी कागदावर पडलेलं टरफल झटकलं. मग म्हणाले, "घरून हाक आली की तो आखाडा सोडतो."

मुलाची पेन्सिल थांबली.

"जिंकत असला तरी?"

"जिंकत असला तरी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला मामा माहीत होता तो सांगोल्याकडचा, डाळिंबाच्या बागेत बाजेवर बसणारा, गुडघे चोळणारा, कमी बोलणारा. मामा एकेकाळी पैलवान होते म्हणे, एवढंच त्याच्या कानावर होतं.

"आई," तो म्हणाला, "हा मामा आहे का?"

मी शेंगांच्या टोपलीकडं हात नेला, पण ती लांब होती.

माझा भाऊ माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडं, माळावर. घरी मेंढरं, थोडी जिरायत जमीन, पाऊस आला तर बाजरी. भावाला चुलत्यानं तालमीत नेलं. गावची तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक पत्र्याची खोली आणि आत तेल-ताक घालून मळलेली लाल माती. पोरींनी तिथं जायचं नाही, हे कुणी सांगायला लागत नव्हतं. मी दारापर्यंत डबा घेऊन जायचे. आतून थपाथप आवाज यायचे, कुणीतरी हुंकारायचं, ओल्या मातीचा वास यायचा. डबा उंबऱ्यावर ठेवायचा आणि परत फिरायचं.

जत्रेतल्या कुस्त्यांचंही तसंच. ओढ्याच्या काठी मैदान भरायचं. गावातले सगळे पुरुष आणि सगळी पोरं तिकडं. बायका घरी, कारण जत्रेला पाहुणे असतात आणि पाहुण्यांना भाकरी लागतात. मी आईबरोबर चुलीपुढं बसायचे आणि कान मैदानाकडं ठेवायचे. हलगी वाजायला लागली की जोड सुटली, असं समजायचं. हलगीची गती वाढली की डाव लागतोय. मग एकदम माणसांचा आवाज फुटायचा, शिट्ट्या व्हायच्या. कुणीतरी चीतपट झालेलं असायचं, पण कोण, ते घरापर्यंत पोचायचं नाही.

तो घरी यायचा तेव्हा आई त्याच्या तोंडाकडं बघायची. मी पाठीकडं बघायचे. हरलेल्याच्या पाठीवर माती दाबून बसलेली असते, घासल्याशिवाय निघत नाही. मी न्हाणीत पाण्याची कळशी ठेवायला जायचे आणि एका नजरेत बघून घ्यायचे. असं मला निकाल कळायचा. त्याची एकही कुस्ती मी पाहिलेली नाही.

मी बारावीत होते त्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत त्याची शेवटची कुस्ती झाली. शेवटची असणार, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. समोर कोल्हापूरच्या तालमीतला मोठा पैलवान होता, वजनानं आणि नावानं दोन्हीनं मोठा. आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून माणसं गेली. ती कुस्ती माझ्या भावानं मारली. फेटा बांधून, गुलालात भिजून त्याला खांद्यावर घेऊन आणलं. त्या दिवशी त्याची पाठही दिसेना, इतकी माणसं त्याला चिकटली होती.

पुढं कितीतरी वर्षं लोक त्या कुस्तीबद्दल बोलायचे. चुलते म्हणायचे डाव ढाकेचा लागला. न्हावी म्हणायचा घिस्सा मारला. एक जण तर सांगायचा की पहिल्यांदा आपला गडीच खाली गेला होता आणि खालून उलटला. मी प्रत्येकाला विचारायचे, प्रत्येक जण वेगळं सांगायचा, आणि ते सगळं डोक्यात जुळवून मी एक कुस्ती तयार करायचा प्रयत्न करायचे. भावाला विचारलं तर तो म्हणायचा, "झाली की. मारली."

त्याच वर्षी पाऊस गेला. माळावर चारा राहिला नाही. वडील मेंढरं घेऊन लांब गेले होते, वाटेत पाय मोडून पडले. निरोप आला तेव्हा भाऊ कोल्हापूरला निघाला होता, तिथल्या तालमीत त्याला घेणार होते. पत्र्याची पेटी भरलेली होती. त्यानं पेटी तशीच ठेवली आणि मेंढरांमागं गेला. वर्षभर भीमेच्या काठानं फिरत राहिला. मी सोलापूरला डी.एड.ला आले. परत गेले की दर वेळी तो जरा वेगळाच दिसायचा, खांदे उतरलेले, दाढी वाढलेली. तालमीचं नाव त्यानं काढलं नाही आणि घरातल्या कुणाची काढायची हिंमत झाली नाही. मग लग्न झालं, मुलं झाली, शेततळं झालं, डाळिंब आलं.

हे सगळं मी त्या तिघांना त्या दुपारी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "हो. मामाच आहे. घे पुढं."

मुलानं कागदावर नावाची जागा रिकामी सोडली. "नाव?"

"राहू दे," मी म्हणाले. त्या दिवसापासून सगळे त्याला 'काकूंचा गडी' म्हणायला लागले.

मग झुंज लागली. मुलगा गोष्ट सांगायला चांगला आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. दगडी पायऱ्या, वर कापडाचं छत, उन्हानं तापलेली वाळू, असं तो सांगायला लागला.

"वाळू नको," मी म्हणाले. "माती कर."

"आई, रोममध्ये वाळूच असते."

"असू दे. माझ्यापुरती माती कर. लाल."

त्यानं मैत्रिणीकडं बघितलं. तिनं खांदे उडवले. "माती," तो म्हणाला. "लाल माती. तुझा गडी आत येतोय. समोर जाळंवाला आहे, हातात त्रिशूळ, खांद्यावर जाळं. तो विचारतो, हत्यार कुठं आहे तुझं? काय बोलतो तुझा गडी?"

मी तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते माझ्या घरातलं मराठी नव्हतं.

"हत्यार कशाला लागतंय तुला धराया?" मी म्हणाले. "ये की. हितंच हाय मी. कुटं पळून जात न्हाय."

तीस वर्षं मी वर्गात शुद्धलेखन शिकवते. मुलाला लहानपणी 'न्हाय' म्हणाला म्हणून टोकलेलं आहे. तो माझ्याकडं असा बघत होता की जणू आतल्या खोलीतून अनोळखी बाई बाहेर आलीय.

"हौ काकू!" मित्रानं टेबलावर हात आपटला. "ये है असली!"

मैत्रिणीनं स्टीलचं ताट उचललं आणि दोन पेन्सिलींनी त्यावर ठेका धरला. मी तिला म्हणाले, "असं नाही, आधी सावकाश," आणि बोटांनी टेबलावर हलगीची चाल वाजवून दाखवली. ती मला येते, हेही मला त्या दिवशीच कळलं. मित्र गर्दी झाला. शिट्टी त्याला झकास यायची.

पहिला फासा वाईट पडला. जाळं माझ्या गड्याच्या अंगावर आलं. दुसराही वाईट पडला, त्रिशूळ मांडीला लागला. मुलगा हळूच म्हणाला, "आई, हवं तर परत टाक," आणि मी जोरात "नाही" म्हणाले. फसवून जिंकलेली कुस्ती मला नको होती. मग एक बरा फासा पडला आणि तो जाळ्यासकट पुढं सरकला.

"आता काय करतो?" मुलानं विचारलं.

"हात धरतो. मनगट." मी उभी राहिले होते, कधी राहिले ठाऊक नाही. "मानेवर हात टाकतो. डोकं खाली दाबतो. आता सावकाश सांग रे. घाई करू नको. मला दिसू दे."

फासा पडला. मैत्रीण ओरडली. जाळंवाल्याची पाठ मातीला लागली. ताट वाजलं, शिट्टी वाजली, हे दचकून आतल्या खोलीतून उठून आले आणि दारात उभे राहून "काय झालं, काय झालं" करायला लागले. खेळाच्या नियमाप्रमाणं जिंकलेल्याला विचारतात, समोरच्याला जिवंत सोडायचं का. माझ्या गड्यानं त्याला हात देऊन उठवलं. गर्दीची थोडी मर्जी त्यासाठी आम्हाला मिळाली.

सगळे हसत होते. मी चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. त्या सगळ्या झुंजीत मी त्याचा चेहरा बघायचा प्रयत्न करत होते. मान दिसली, भुवईतली चीर दिसली, पण चेहरा दर वेळी माझ्या मुलाचा होत होता, कारण आवाज त्याचा होता. मुलाच्या गोष्टीतला गडी चांगला होता, मला आवडला होता, तरी तो माझा भाऊ नव्हता. आतून एकदम इतकी ओढ लागली की चहाचं पाणी उकळून गेलं तरी मला समजलं नाही. मैत्रीण कप न्यायला आत आली. तिचा फोन वाजत होता, तिनं "वस्तुन्ना अम्मा", येतेय आई, म्हणून तो बंद केला आणि माझ्याकडं बघितलं. तिनं दूध घातलं, आलं ठेचलं, आणि आम्ही दोघींनी चहा बाहेर नेला.

पुढच्या रविवारी मी मुलाला म्हणाले, "खेळ आज नको. मला सांगोल्याला ने."

गाडी त्यानं चालवली. मामाकडं अचानक जायचं काय काम, असं त्यानं एकदा विचारलं. मंगळवेढा मागं पडला तसा माळ सुरू झाला, कुसळं आणि लांबवर मेंढरांचा ठिपका. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. भाऊ बागेच्या कडेला पाइपचं तोंड बसवत होता. मला बघून उठायला लागला, तर वहिनीनं लांबूनच ओरडून त्याला बसवलं. गुडघे फार दुखायचे त्याचे.

"बाय, कळवायचं तरी," तो म्हणाला. "कोंबडं धरलं असतं."

"असू दे दादा. सहज आले."

चहा झाला. मुलगा वहिनीबरोबर बाग बघायला गेला. मी भावाजवळ बसले आणि खेळाबद्दल सांगितलं. सांगताना मलाच हसू येत होतं, एवढी मोठी बाई, शाळेतली बाई, फासे टाकून गडी लढवते. तो हसला नाही. नीट ऐकत होता.

"म्हंजे गडी खरा न्हाय," तो म्हणाला.

"नाही. आपण बनवायचा. कसा दिसतो, कसा लढतो."

"मग तू कसा बनवला?"

मी म्हणाले, "तुझ्यासारखा."

तो पाइपकडं बघत राहिला. आळ्यात पाणी हळूहळू भरत होतं. मला पुन्हा धीर येईल न येईल म्हणून मी लगेच विचारून टाकलं. "दादा, ती शेवटची कुस्ती. कसा डाव मारलास तू? मला नीट सांग. सगळे वेगवेगळं सांगतात."

"ध्यानात न्हाय गं."

"असं कसं?"

"न्हाय खरंच. तो लई जड हुता. माझा दम चालला हुता. मंग काय झालं कुणास ठावं, त्याची पाठ लागली. मानसं वरडली तवा कळलं मला." तो थांबला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पण तू हुतीस की. तुला ध्यानात आसंल."

"मी नव्हते, दादा."

"हुतीस."

"बायका येत नव्हत्या मैदानाला. मी घरी होते, आईपाशी."

त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला, नुकत्याच जागं केलेल्या माणसासारखा. इतकी वर्षं त्याच्या आठवणीत मी तिथं होते. ओढ्याकाठी, चुलत्याच्या शेजारी, असं त्यानं सांगितलंही. हिरव्या परकरात. माझा हिरवा परकर होता, ते खरं. मी त्या मैदानावर नव्हते, हेही खरं.

"मला तर दिसलीस तू," तो म्हणाला.

मला तेव्हा फार रडू आलं. त्याला ते बघवलं नाही, त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि मग बाजेचा आधार घेऊन उभा राहिला.

"ऊठ," तो म्हणाला.

"काय?"

"ऊठ म्हंतोय. हितं ये, मातीत. चप्पल काढ."

मी उठले. साडीचा पदर खोचला. बागेच्या वाफ्याकडंच्या मोकळ्या मातीत आम्ही समोरासमोर उभे राहिलो. त्यानं माझा उजवा पाय त्याच्या पायानं थोडा मागं सरकवला. "वजन पुढच्या पायावर टाकू नको. गुडघा ढिला ठेव. माझ्या तोंडाकडं बघू नको, तोंड खोटं बोलतंय. कमरंकडं बघ. कंबर जाईल तिकडं मानूस जातोय." मग त्यानं माझं मनगट धरलं आणि दुसरा हात माझ्या मानेवर टाकला. कुस्ती सुरू होताना दोघं एकमेकांना असे चाचपतात, त्याला खडाखडी म्हणतात. शब्द मला लहानपणापासून माहीत होता.

तो हात किती जड होता! नुसता ठेवला होता, दाबला नव्हता, तरी माझं डोकं आपोआप खाली गेलं. मी माझा हात त्याच्या मानेवर टाकला. उन्हात तापलेली, जाड, घामेजलेली मान. त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. समोरच्या पैलवानाला तो असाच ऐकू गेला असेल, आणि एवढ्या जवळून त्याचा चेहरा दिसतच नाही, सगळं धूसर होतं. हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

"आता ढकल," तो म्हणाला.

मी ढकललं.

"आगं ढकल की! सोलापुरात भाकरी मिळत न्हाय व्हय?"

मी सगळं बळ लावून ढकललं. तो हलला नाही. मग त्यानं कंबर जराशी वळवली आणि मी कुठल्या कुठं फिरले, पडणार तेवढ्यात त्यानंच मनगटाला धरून उभं केलं. वहिनी बागेतून धावत आली, "आवं काय चाललंय, वेड लागलं का दोघांस्नी!" आणि तिच्यामागं माझा मुलगा, हातात अर्धवट सोललेलं डाळिंब घेऊन, तोंड उघडं टाकून उभा.

"मामा," तो म्हणाला, "परत दाखवा ना."

पण भाऊ बाजेवर बसला होता. गुडघा दोन्ही हातांनी धरला होता आणि ओठ मिटून हसत होता. परत काही त्याला उठता आलं नाही. वहिनीनं गरम विटेनं शेकायला घेतलं आणि आम्हा दोघांना बरंच सुनावलं. तो मधूनच मुलाला बोलावून काहीबाही सांगत राहिला: जाळं टाकणारा असेल तर आधी त्याचे पाय बघायचे, जाळं टाकायच्या आधी मागचा पाय घट्ट रोवल्याशिवाय त्याला ते टाकताच येणार नाही. मुलगा मोबाईलमध्ये लिहून घेत होता.

निघताना मी म्हणाले, "सोलापूरला ये की दादा. एकदा बघायला ये, पोरं कशी लढवतात ते."

"येतो. बागेचा बहार धरला की येतो."

"नक्की?"

"येतो म्हनलं ना बाय."

मुलगा जूनमध्ये पुण्याला गेला. आता आम्ही चौघं मोबाईलच्या पडद्यावरून खेळतो, रविवारी, कधी जमतं कधी नाही. मैत्रीण आमच्याकडं येऊन बसते, मित्र कारखान्यातून, मागं यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना. माझ्या गड्यानं आणखी दोन झुंजी मारल्या आणि एक हरला. पुढची मोठी आहे. बादशहासमोरची. ती जिंकली की त्याला लाकडी तलवार देतात आणि तो आखाड्यातून सुटतो, पाहिजे तिथं जायला मोकळा. मुलगा दर रविवारी विचारतो, लावू का ती झुंज.

भावाचा डाळिंबाचा बहार धरून झाला, फुलं येऊन फळं बाजारात गेली, दुसरा बहार आला. फोनवर विचारलं की तो म्हणतो, गुडघा जरा बरा होऊ दे. वहिनी मागून म्हणते, त्यांना एसटीची पायरी चढवत नाही आता. मुलगा म्हणाला, आपण व्हिडिओवर दाखवू मामाला, मोबाईल मामाच्या पोराकडं आहेच. मी नको म्हणाले. मला तो इथं हवा आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, त्याच्या अंगाचा तो मातीचा आणि मेंढरांचा वास घेऊन. त्यानं बघावं आणि मी त्याला बघताना बघावं.

म्हणून मी मुलाला सांगते, अजून नको. थांबू जरा. मामा येणार आहे.